चंद्रभागेचे चार दिवस

माझी मोठी जाऊ चंद्रभागा हिच्याबद्दल लिहायचं तर आधी एक कबूल करून टाकते. मी तिच्यावर तेवीस वर्षं जळले. अधूनमधून नाही, रोज. सकाळी ती खाडीच्या रस्त्याला फिरायला निघाली की मी गॅलरीत उभी राहून तिला बघायचे आणि माझ्या पोटात दुखायला लागायचं.

आम्ही कोलशेतचे आगरी. सासऱ्यांच्या वेळी भातशेती आणि मिठागर होतं. आता त्या जागेवर टॉवर आहे आणि त्यात सातव्या मजल्यावर आमचे दोन फ्लॅट, समोरासमोर. एकात थोरले दीर भिवाशेठ आणि चंद्रभागा, दुसऱ्यात मी, माझा नवरा कान्हा आणि मुलगी दक्षता. दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात. देव मात्र एकच, तो आमच्याकडे, आणि पूजा एक आठवडा तिची, एक आठवडा माझी. सासूबाई सखुबाई, आमची आय, सहा वर्षांपूर्वी गेल्या, तरी त्यांनी लावलेली ही शिस्त आम्ही मोडली नाही.

चंद्रभागेला मूलबाळ नाही. म्हणजे जळायचं तर तिनं माझ्यावर, असं कुणीही म्हणेल. पण माझ्याकडे कारणांची काय कमी? तिचा आवाज. तिची चाल. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी असून माझ्यापेक्षा लहान दिसणं. भिवाशेठ तिला फोन करून विचारल्याशिवाय बाजारातून मासळीसुद्धा उचलत नाहीत हे. माझा कान्हा एकदा न विचारता चार किलो बोंबील घेऊन आलेला, तेसुद्धा गुरुवारी! आणि या सगळ्यापेक्षा जास्त खुपायचे ते तिचे चार दिवस.

आमच्या घरात पाळी आलेली बाई बाजूला बसायची. देवाला शिवायचं नाही, स्वयंपाकाला हात लावायचा नाही. सासूबाई गेल्या आणि मी ते सोडून दिलं. चंद्रभागेनं सोडलं नाही. दर महिन्याला ती तिच्या मागच्या खोलीत चटई टाकून बसायची. मग तिचा पूजेचा आठवडाही माझ्यावर, त्या दोघांचं जेवणही माझ्यावर. मी भाकऱ्या थापत बसायचे आणि ती तिकडे खिडकीजवळ तांदूळ निवडत गुणगुणत असायची. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक टिंब काढून ठेवायचे. एक महिना चुकला नाही. गावात लग्न असलं तर मात्र तिची पाळी आधीच येऊन जायची, ऐन लग्नात कधी आडवी आली नाही. मला वाटायचं, देवीसुद्धा हिलाच सांभाळते.

माझी पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बिघडली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी गेली. गेली ती एकटी गेली नाही, माझी झोप, माझी शांती आणि माझा चेहरा घेऊन गेली. बसल्या जागी छातीतून एक वाफ उठायची आणि मानेवरून डोक्यापर्यंत चढायची. तळपायाची आग मस्तकात जाते असं म्हणतात, ते माझ्या बाबतीत दिवसातून आठ-दहा वेळा घडायचं. डाळीला फोडणी देताना मी रडायचे. कान्हा "काय झालं" विचारायचा, म्हणून त्याच्यावर ओरडायचे. त्यानं विचारायचं सोडलं, म्हणून परत ओरडले.

आणि समोरच्या फ्लॅटमध्ये त्रेपन्न वर्षांची चंद्रभागा, तारखेला चटईवर!

त्या नवरात्रात आम्ही दोघी टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलो. रांग मोठी, ऑक्टोबरचं ऊन, अंगावर मी हौसेनं नेसलेली सिंथेटिक पैठणी. मध्यावर आलो आणि मला वाफ आली. ब्लाऊज पाठीला चिकटला, कुंकू ओघळून नाकावर आलं. पुढच्या बाईनं वळून पाहिलं आणि लेकराला बाजूला ओढलं. चंद्रभागेनं सुती साडीचा पदर काढून मला वारा घातला. तिच्या कपाळावर थेंब नव्हता.

"रसिके, टेक जरा कट्ट्यावर. दम लांब सोड," ती म्हणाली.

"मना काय नाय झालं," मी म्हटलं आणि तिचा हात झटकला. देवीपुढे उभी राहिले तेव्हा लेकीसाठी मागायचं ते राहिलं आणि मनात आलं, आई, हिलापण एकदा घाम येऊ दे.

माघ महिन्यात दक्षताचं लग्न ठरलं. मुलगा मोहने गावचा, दर्शन, चांगला आहे. आमच्याकडे लग्नात भटजी येतो ते नंतर. आधी हळदीला, तांदळाचा चौक भरताना, देवक बसवताना धवलारीण लागते. ती गाण्यांतूनच सगळे विधी लावते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. एक बाई पुढे गाते, बाकीच्या मागे झील धरतात. कोलशेतची धवलारीण म्हणजे हौसाबाई. तिचं वय आता पंच्याऐंशी, आवाज बसलेला. तेवीस वर्षांपूर्वी तिनं हाताखाली शिकायला चंद्रभागेला घेतलं. मला नाही. माझा गळा तिच्यापेक्षा गोड आहे, हे मी म्हणत नाही, सगळं गाव म्हणायचं. तेव्हापासून मी धवले म्हणणं बंद केलं. मांडवात बसायचे आणि ओठ मिटून घ्यायचे.

पण माझ्या लेकीचे धवले दुसरीनं म्हणायचे? मी हौसाबाईकडे गेले आणि सांगितलं, दक्षताच्या हळदीला पुढे मीच बसणार.

"म्हन बगू," ती म्हणाली.

मी सुरू केलं. धवल्याची ओळ लांब असते, एका श्वासात शेवटपर्यंत न्यावी लागते. दुसऱ्या ओळीला वाफ आली. श्वास अर्ध्यावर तुटला. तिसऱ्या ओळीला पुन्हा तुटला. सरावाला आलेली चंद्रभागा समोरच मांडी घालून बसलेली, तिनं माझी तुटलेली ओळ तिथूनच उचलली आणि अलगद खाली नेऊन ठेवली. तिला वाटलं असेल मदत केली. मला वाटलं कानाखाली दिली.

"तुझा गला चांगला हाय," हौसाबाई म्हणाली, "पन दम नाय. हलदीला दोन महिने हान. दम आला तं तू बस, नाय तं चंद्रा."

घरी येताना मी ठरवलं. हिच्याकडे काहीतरी गुपित आहे. त्रेपन्नाव्या वर्षी जिची पाळी चालू आणि कपाळ कोरडं, ती काहीतरी खाते आहे आणि मला सांगत नाही. ते शोधायचं, पाळी परत आणायची आणि हळदीला पुढे बसायचं. माझं डोकं तेव्हा असंच चालायचं.

मी पाळत ठेवली. तिचा चहा सकाळी एकदाच, तोही अर्धा कप. मी दिवसाला पाच प्यायचे. तिच्या डब्यात जवस आणि तिळाची चटणी कायम. नाश्त्याला नाचणीची आंबील. कालवणात मसाला अर्ध्याहून कमी. आगरी घरात असं कालवण म्हणजे भिवाशेठनी तिला कसं ठेवून घेतलं याचंच मला नवल वाटलं. दुपारी कोकमाचं पाणी, साखर नाही. अंगावर कायम सुती. सकाळी पाऊण तास खाडीच्या रस्त्यानं झपाझप चालणं, आणि आल्यावर गॅलरीत बसून धवल्यांचा सराव. तोंडानं गाणं कमी, लांब श्वास सोडणंच जास्त.

मी सगळं उचललं. तिच्या मागून दहा मिनिटांनी निघायचे, म्हणजे तिला कळू नये. जवस आणले, भाजले, पहिल्यांदा करपवले. चहा सोडताना चार दिवस डोकं फुटेल असं दुखलं. मसाला कमी केला तेव्हा कान्हानं कालवण तोंडात घातलं आणि विचारलं, "कोन आजारी हाय काय घरान?" दक्षतानं मला दार लावून लांब श्वास सोडताना पाहिलं. "आई, तू काकीची कॉपी मारतेस ना? सरळ विचार ना तिला, सांगेल ती." विचारू? तिला? त्यापेक्षा मी तापल्या तव्यावर बसले असते.

दीड महिना झाला. खरं सांगायचं तर बरं वाटायला लागलं होतं. दहा वाफांच्या चार झाल्या. आली तरी तिला मी श्वास सोडून उतरवू शकायचे. सलग पाच तास झोप लागायची. पण पाळी काही आली नाही आणि चंद्रभागा दुसऱ्यांदा चटईवर बसली. म्हणजे गुपित अजून शिल्लक होतं.

शेवटी मी ठाण्याला एका लेडी डॉक्टरकडे गेले. तरुण होती, चष्मा लावलेली, ऐकून घेणारी. मी तिला सगळं सांगितलं. जवस, नाचणी, चालणं, श्वास. आणि म्हटलं, एवढं करूनही पाळी परत का येत नाही?

ती आधी हसली, मग गंभीर झाली. "पाळी जाऊन वर्ष उलटलंय ना? मग ती परत यायला नको. कधी थेंबभर जरी दिसलं तरी त्याच दिवशी माझ्याकडे यायचं, घरी थांबायचं नाही." मग म्हणाली, "आणि तुम्ही करताय ते पाळी आणायचं नाहीच मुळी. पाळी गेल्यावर जो त्रास होतो, तो सोसवावा म्हणून करायचं आहे. जवसानं सगळ्यांना फरक पडतो असं नाही. पण चहा आणि तिखट कमी केल्यानं वाफा कमी झालेल्या मी खूप बघितल्यात. चालणं हाडांसाठी, नाचणी हाडांसाठी, श्वास वाफ आणि मन दोन्ही सांभाळतो. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"जावेनं. तिची अजून चालू आहे. त्रेपन्न वर्षांची आहे, तारखेला येते."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "इतकं नेमकं करणारी बाई यातून स्वतः गेलेली असते हो. त्यांची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील."

मी रिक्षात बसले आणि कोलशेत येईपर्यंत माझ्या अंगात नुसता आनंद उसळत होता. सापडली! खोटं बसत होती बया! माझ्याकडून भाकऱ्या थापून घेत होती, माझ्याकडून पूजा करून घेत होती. लग्नाच्या तारखा का चुकत नव्हत्या तेही कळलं. देवाच्या नावानं लबाडी करणारी धवलारीण माझ्या लेकीच्या मांडवात पुढे बसणार? हौसाबाईला सांगायचं, चार बायकांत सांगायचं. पण त्याआधी तिचं तोंड बघायचं होतं.

तो तिच्या चार दिवसांतला दुसरा दिवस होता. मी सरळ मागच्या खोलीत गेले आणि चटईवर तिच्या समोर बसले. शिवाशिव होईल एवढी जवळ. ती दचकली.

"उठ बाय," मी म्हटलं. "तुझी पाळी कवाच गेलेली हाय. किती वर्सं येडी बनवतेस मना?"

मला वाटलं ती नाही म्हणेल, रडेल, चिडेल. तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तेवीस."

मला हिशोब लागेना.

"दक्षताचे येली तू माहेरी गेलेलीस ना," ती म्हणाली, "तवा माझे पोटान गाठ निगाली. पिशवी काढली, दोनी बाजूचं पन काढलं. मी तीस वर्साची होती. आयला सांगितलं आपेंडिस काढलं. खरं समजलं असतं तं यांना दुसरी बायको आनली असती तिनं. यांनीच बोललं, कोनाला सांगू नको. मंग दर महिन्याला बसाय लागली. बसली नाय तं आयला समजलं असतं."

तीस वर्षांची. मी तीस वर्षांची होते तेव्हा गणपतीत नाच करत होते.

"आनि ती वाफ," ती म्हणाली, "तुना आथा येते ना, ती मना तवा आली. एका महिन्यान, एकदम. दिवसातून वीस वेला. आय बोलली, हिला बाहेरचं लागलंय. उतारे काढले, लिंबं कापली. कोनाला सांगू? हौसाबायला समजलं. ती बोलली, वाफ आली का धवल्याची ओल घे आनि एका दमान सोड. गानी शिकवाय नव्हती बसवत गं ती मना. दम लांब करायला बसवायची. गानी मागून आली. चाय पिली का वाफ येते, मसाला खाल्ला का येते, ते मीच एकेक करून सोडून बगितलं. कोनी सांगितलं नाय."

माझ्या गळ्याकडे दुर्लक्ष करून हौसाबाईनं तिला उचललं, म्हणून मी तेवीस वर्षं ओठ मिटून बसले होते. आणि हौसाबाईनं गळा बघितलाच नव्हता.

तरी माझं डोकं पूर्ण थंड झालं नाही. "आय गेल्यावं सहा वर्सं झाली. तवा का नाय सोडलं?"

ती हसली. "सोडनार होती. पन तू कॅलेंडरवर टिंबं करतेस ना. एक महिना चुकला असता तं पयलं तुनाच समजलं असतं." मग खालच्या आवाजात म्हणाली, "आनि खरं सांगू? मना आवडाय लागले ते चार दिस. कोन उठवत नाय, कोन काय मागत नाय. तुझे हातचं आयतं जेवन. कोन सोडल?"

मला हसू आलं आणि रागही आला. मग तिनं एक वाक्य म्हटलं आणि दोन्ही गेलं.

"बारशाला मी पालन्याजवलून दोनदा उठून बाहेर गेली, आठवतं?"

आठवत होतं. चांगलं आठवत होतं. ओटीवर वीस बायका होत्या आणि मी सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलले होते, माझी पोर बघून हिच्या अंगाची आग होते. बायका हसल्या होत्या. मीही हसले होते. ती विहिरीवर जाऊन तोंडावर पाणी मारत होती आणि मला वाटलं, बघवत नाही हिला.

मी सूप ओढून तिचे जवस निवडायला घेतले.

त्याच संध्याकाळी हौसाबाईकडे जाऊन मी सांगितलं, हळदीला पुढे चंद्राबाय बसेल, मी झील धरेन. "दम आला तुझा," हौसाबाई म्हणाली, "मग चंद्रा कनाला?" मी म्हटलं, असंच. घरी आले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण मला खरंच पुढे बसायचं होतं. पोरगी माझी होती.

हळदीच्या दिवशी मांडव भरला. चंद्रभागा हिरव्या सुती साडीत पाटावर, मी तिच्या डाव्या हाताला. तिनं सुरू केलं आणि आम्ही पाच-सहा जणी मागून घ्यायला लागलो. हळद लावायच्या धवल्यात नवरीच्या आईचं नाव येतं. पुढची बाई नाव घेते, झील धरणाऱ्या तेच नाव घेऊन ओळ पुढे नेतात. चंद्रभागेनं माझं नाव घेतलं, चांगलं लांबवून. आणि झिलीत मी तिचं घेतलं. नवरीची माय चंद्रा, असं म्हटलं.

बाजूच्या बायका गोंधळल्या, दोघी-तिघींनी माझं घेतलं, बाकीच्या थांबल्या. चंद्रभागेनं माझ्याकडे पाहिलं. पुढची ओळ तिची होती. तिनं तोंड उघडलं आणि तिचा श्वास तुटला. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. धवला मध्ये तुटू द्यायचा नसतो. मी ओळ उचलली आणि एका श्वासात शेवटाला नेली. मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या ओळीला ती आली.

गाणं संपल्यावर दक्षता हळदीच्या अंगानं पाया पडायला उठली. मला ओलांडून आधी चंद्रभागेच्या पायांवर वाकली, आणि चंद्रभागेनं तिला तशीच्या तशी छातीशी धरली, साडी पिवळी झाली तरी सोडेना. आधी काकीच्या पाया पड, हे सकाळी दक्षताला मीच सांगितलं होतं. तरी बघताना पोटात दुखलंच.